गाडीत मी फक्त डायवर

सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि अजयचा फोन आला. रात्री तो दवाखान्यात माझ्या जावेजवळ थांबला होता, मला त्यानंच बळेबळे घरी झोपायला पाठवलं होतं. फोनवर आधी नुसताच श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "आई... मोठी आई गेली." मी गॅस बंद केला. पुढे काय करायचं असतं ते काही सुचेना, म्हणून ओटा पुसत राहिले. आज त्याला सव्वा महिना झाला. भेटायला येणारे "तुमच्या जाऊबाई गेल्या म्हणे" एवढंच म्हणतात. जावाजावा म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच, असं लोक धरूनच चालतात. त्यामुळे माझं काय गेलं हे त्यांना कळत नाही आणि मीही सांगत बसत नाही. इथे मात्र सांगते.

इंदूबाई माझी थोरली जाऊ. आमच्या विदर्भात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, मीही तिला बाईच म्हणायची. भिवापूरच्या मिरचीवाल्या शेतकऱ्याची लेक. शिक्षण सातवीपर्यंत, पण बापाची जीप शेतातून चालवायला ती लग्नाआधीच शिकलेली. तिला मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या आमच्या घरात तो विषय कुणी काढत नसे. माझा अजय जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा न्हाऊ घातलं ते तिनंच.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. थोरल्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, गाडीसाठी नंबर लावला होता तो एकदाचा लागला. लालभडक, बुटकी, मागचं दार वर उचलून उघडणारी गाडी. तोवर आम्ही पाहिलेल्या गाड्या म्हणजे म्हशीसारख्या संथ. ही पाय लावायचा अवकाश, की निघालीच. इंजिनाचा आवाज इतका कमी, की सासूबाई दोनदा विचारायच्या, सुरू केली का रे? भाऊजी मात्र ती सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत चालवायचे. एका रविवारी बाईनं पदर खोचला, त्यांच्या हातून किल्ली घेतली आणि आम्हाला तलावाला असा काही फेरा मारून आणला, की भाऊजींनी उतरल्यावर आधी पाणी मागितलं. त्या दिवसापासून गाडी नावाला त्यांची राहिली.

नव्याचे नऊ दिवस संपले आणि गाडीबरोबर राहायचं म्हणजे काय ते कळू लागलं. सीटवरचं प्लास्टिक उन्हाळ्यात पाठीला चिकटायला लागलं तेव्हा सासूबाईंच्या विरोधाला न जुमानता बाईनं ते फाडून काढलं. गतिरोधक आला की गाडीचं पोट घासायचं, मग मागच्यांना उतरवून ती रिकामी पलीकडे न्यायची. एप्रिल-मे महिन्यात आत बसणं म्हणजे भट्टीत बसणं, म्हणून टपावर ओलं पोतं. पण मोकळ्या रस्त्यावर ट्रकला मागे टाकताना बाईचा चेहरा बघावा. शाळेतल्या पोरीसारखी खुलायची.

त्याच सुमारास मला शिक्षिकेची नोकरी लागली, तीही नेमकी भिवापूरला. घरात कुणाला ते पसंत नव्हतं. अजय जेमतेम दीड वर्षाचा, त्याची छाती नाजूक, जरा वारं लागलं की घरघर. धंतोलीतल्या आमच्या डॉक्टरांनी त्याला मिरचीच्या गावात ठेवायला साफ नाही म्हटलं होतं, तिथे तर खळ्याखळ्यांवर मिरची वाळत घातलेली. माझे यजमान पेपर वाचत राहिले. मी नकाराचं पत्र लिहायला बसणार तेवढ्यात बाईनं सगळा बेत सांगून टाकला. आठवडाभर मी तिच्या माहेरी राहायचं, अजयला ती सांभाळणार. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती गाडी घेऊन येणार, अजयला सोबत आणणार, गावाबाहेरच थांबणार आणि मला घरी नेणार. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसानं एवढी गाडी हाकायची? ती म्हणाली, गाडीले काय माहीत कोण बाई अन् कोण माणूस.

थंडीतल्या एका शनिवारी भाऊजीही सोबत आले होते. तिच्या भावाचा आग्रह झाला, म्हणून त्या दिवशी गाडी प्रथमच घरापर्यंत गेली. माहेरवाशीण रिकाम्या हातानं पाठवायची नाही, अशी त्या घराची रीत. भावानं मागचं दार उचलून नव्या मिरचीची दोन पोती डिकीत टाकली. जीपमध्ये ती तशीच टाकत आले होते, जीप चहूबाजूंनी उघडी. या गाडीत डिकी आणि माणसं यांच्यामध्ये भिंतच नाही, हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. त्यात अजयला वारं लागू नये म्हणून मी चारही काचा घट्ट बंद केलेल्या. आधी भाऊजी शिंकले. मग मी. आम्ही हसायलाही लागलो होतो... आणि माझ्या मांडीवर अजयचा श्वास अडकला.

बाईनं गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं आणि माहेरची दोन्ही पोती रस्त्याच्या कडेला फेकली. काचा खाली केल्या. पोराला माझ्या शालीत गुंडाळलं, तोंड तेवढं मोकळं ठेवलं आणि म्हणाली, घट्ट धर. त्यानंतर ती गाडी जशी पळाली तशी आयुष्यात पुन्हा पळाली नसेल. एरवी वळणावळणाला "हळू" म्हणणारे भाऊजी खिडकीतून हात काढून पुढच्यांना बाजूला करत होते. मी अजयची छाती तेवढी बघत होते. धंतोलीत डॉक्टरांनी त्याला हातात घेतलं तेव्हा त्याचे ओठ काळसर झाले होते. संध्याकाळपर्यंत तो सावरला. त्यानं डोळे उघडले, हात पसरले... आणि ते माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे. तिला तो "आई" म्हणाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तिला सांगितलं की सोमवारी राजीनामा देते. नोकरीचं काय, मिळेल किंवा नाही मिळणार. पण माझं मूल मला ओळखेनासं होत होतं. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "नोकरी सोडू नोको वं सुधा. पोरगं तुहं आहे अन् तुहंच राहीन. ते काम माह्याकडे."

ते काम तिनं कसं केलं ते मी पुढची दोन-अडीच वर्षं पाहिलं. मिरची त्या गाडीत परत कधी चढली नाही. तिनं स्वतःला एक नियम घालून घेतला. शनिवारी गावाबाहेर गाडी उभी राहिली, मी दार उघडून बसले, की ती अजयला माझ्या मांडीवर द्यायची आणि तिथून घर येईपर्यंत त्याला हात लावायची नाही. "गाडीत मी फक्त डायवर," म्हणायची. सुरुवातीला तो तिच्याकडे झेपावायचा, हंबरडा फोडायचा, तिचा पदर मुठीत धरून ओढायचा. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. घरीही शनिवार-रविवार त्याचं जेवण, अंघोळ, झोप, सगळं माझ्याकडे. आठवडाभर ती त्याला माझा फोटो दाखवून "आई कोण?" विचारायची, हे मला सासूबाईंकडून कळलं. त्याला "मोठी आई" म्हणायलाही तिनंच शिकवलं. एका शनिवारी वाटेतलं उमरेड मागे पडल्यावर, रडता रडता अजय पहिल्यांदाच माझ्या कुशीत शिरला, "आई" म्हणाला आणि झोपी गेला. मी आनंदानं तिच्याकडे पाहिलं, तर तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "मिरचीच्यानं."

डिकीत माझी कपड्यांची पिशवी होती, दुसरं काही नव्हतं.  

पुढे माझी नागपूरच्या शाळेत बदली झाली. गाडी दहा-बारा वर्षांनी एका ओळखीच्याला देऊन टाकली, नेताना बाई बाहेर आली नाही. मी निवृत्त झाले, पेन्शन घेते, चार पोरी मला रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. माझा मुलगा मला मुलासारखा आहे. हे सगळं मला त्या बाईनं दिलं. तिची शिस्त शेवटपर्यंत सुटली नाही. अजय पुण्याहून आला की दाराशी त्याचा आवाज ऐकून ती आधी आतल्या खोलीत जायची, त्याला मला भेटू द्यायची, आणि पाच-दहा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून बाहेर यायची. पस्तिशी ओलांडलेल्या पोराच्या बाबतीतही! मी रागवायची. ती म्हणायची, सवय झाली वं.

आमच्या घरातल्या बायका घाटावर जात नाहीत. मी गेले. भाऊजी आधीच गेलेले, तेव्हा अग्नी अजयच देणार होता. गुरुजींनी नोंदवहीत लिहिताना विचारलं, मयताचे तुम्ही कोण?  अजय माझ्याकडे बघायचं टाळत होता, ते मला दिसलं. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी "पुतण्या" म्हणून सांगायला तोंड उघडलं, आणि आई जिवंत समोर उभी असताना त्याला दुसरीचा मुलगा कुणी म्हणणारही नव्हतं.

मी पुढे झाले. गुरुजींना म्हटलं, "लिहा, मुलगा."

अजयनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं.