उजव्या बाजूचा ओठ

पोलादपूरच्या शाळेत शिकवत असताना माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी आली. तोंड उघडेना, भाकरी दुधात कुस्करून गिळायची पाळी आली, तेव्हा मी महाडला दातांच्या डॉक्टरकडे गेले. मुंबईतल्या भावाने बजावलं होतं, "ताई, आधी एक्स-रे काढायला लाव." तसं मी सांगितलं. डॉक्टर हसला.

"बाई, तुम्ही पोरांना शिकवा, मला नको. दाढ समोर दिसतेय. एक्स-रे कशाला?"

त्याने छिन्नी लावली, हातोडी मारली, मग पकडीने दाढ पिळून ओढली. भूल दिलेली असूनही जबड्यातून हनुवटीपर्यंत वीज गेल्यासारखं झालं. मी किंचाळले.

"नाटकं पुरेत," तो म्हणाला.

भूल उतरली, पण खालचा ओठ उजवीकडे बधिरच राहिला. चहा हनुवटीवरून ओघळायचा आणि मला पत्ता नसायचा. जेवताना ओठ दाताखाली यायचा, भातात रक्त दिसलं की कळायचं. वर्गात मी फळ्याकडे तोंड करून हनुवटी पुसायला लागले. परत त्याच्याकडे गेले, तर म्हणाला, "वेळ लागतो." पुढच्या खेपेला म्हणाला, "तुमच्या मनाचे खेळ आहेत." त्या दिवसापासून मला त्याचं तोंड बघवेना.

उन्हाळ्याच्या सुट्टीत डावीकडची अक्कलदाढही सुजली. भाऊ मला मुंबईला, दातांच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेला. तिथे एक्स-रेचं एक यंत्र माझ्या डोक्याभोवती फिरलं आणि अख्खा जबडा एका फिल्मवर उतरला. डॉक्टरीणबाईंनी ती उजेडावर धरली.

"ह्या दोन पांढऱ्या रेघा दिसतात? त्यांच्या मधून ओठाची नस जाते. डावीकडे दाढेचं मूळ आहे तिथे वरची रेघ तुटलीय. म्हणजे मूळ नसेला टेकलंय. ओढून काढायची नाही, तुकडे करून काढू."

"आणि उजवीकडे?"

"तिथली नस दुखावली गेलीय. आता भरवसा देता येणार नाही."

डावी दाढ त्यांनी तुकड्यातुकड्यांनी काढली. भूल उतरली तशी ओठाची डावी बाजू जागी झाली.

परत येताना महाडला उतरले ती थेट त्या पहिल्या डॉक्टरच्या दवाखान्यात. बाकावर कुडपणचा एक शेतकरी गाल धरून बसला होता, शेजारी त्याची बायको. मी फिल्म डॉक्टरपुढे धरली.

"असा एक्स-रे आधी काढला असतात, तर माझा ओठ वाचला असता."

"बाहेर व्हा! माझे पेशंट बसलेत."

"त्यांनाच सांगायचंय." मी शेतकऱ्याकडे वळले. "काका, अक्कलदाढ असेल तर एक्स-रे काढल्याशिवाय हात लावू देऊ नका. माझा अर्धा ओठ मेलाय."

"बाई, भिववू नका," तो पुटपुटला.

त्याची बायको मात्र माझ्या ओठाकडे बघत उठली. "उठा हो. नाय काढायची हितं. मुंबयला पोराकडं जाव."

"तुमच्यावर केस घालीन!" डॉक्टर माझ्यावर ओरडला.

"घाला. ही फिल्म घेऊन येते कोर्टात."

केस झाली नाही. पुढे कानावर आलं, की तो अक्कलदाढेच्या पेशंटांना आधी एक्स-रे काढून आणायला सांगतो आणि वर म्हणतो, आमची पद्धत पहिल्यापासून हीच. मला समाधान वाटायला हवं होतं. पण उलट डोकंच भडकलं. एकदा एसटी स्टँडवर त्याने मला नमस्कार केला. मी त्याच्याकडे बघत राहिले, हात जोडले नाहीत.