भैरोबाची उजवी कळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही, देवाला तर नाहीच — देवाला काय सांगायचं, त्याच्या अंगावरच घडलं ते. एका माणसाला कळलं होतं, पण तेही मी सांगून नाही. त्याला चवीवरून कळलं. ते पुढं येईल.

तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्याला असलं सांगितलं की तो रोज सकाळी लिफ्टमध्ये भेटतो आणि आपल्याकडं बघून गालात हसतो. बेंगळूरात, मारतहळ्ळीत, पोराच्या घरी मी नवव्या मजल्यावर राहतो. कुणी हसत असेल तर नऊ मजले फार लांब वाटतात.

मी चौथी शिकलोय, तीही मास्तरांना फुलं नेऊन देत होतो म्हणून पास झालो. तेव्हा गोड लिहायला जमणार नाही. आणि बारीकसारीक पापं घेऊन मी आलेलो नाही, ती कधीच फेडलीत. शेजारच्या बापूचा कोंबडा आम्हीच खाल्ला, हे मी तेराव्याच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगितलं. तेरावा कोंबड्याचा नव्हे, बापूचा. तंबाखू सोडली म्हणून देवळात शपथ घेतली आणि पायरीवर येऊन मळायला बसलो, ते तर सगळ्या गावानं बघितलं. त्याला कबुली कशाला लागते?

पण हे — हे वेगळं आहे.

हौसा माझी बायको. तिला जाऊन आता वर्ष होईल. ती मला नावानं हाक मारत नसे, आमच्यात मारत नाहीत. रागात असली की म्हणायची, "डावा कौल आला का जेवायला?" सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पोरं हसायची. मीही हसायचो. मला वाटतं, सगळ्यात जास्त मीच हसायचो. माणूस असा का हसतो? आत काहीतरी लपवायचं असलं की हसू फार मोठं येतं.

कौल म्हणजे काय, ते इथल्या पोरांना ठाऊक नसणार. आमचं गाव चिकोडीच्या बाजूचं — घरात मराठी, कचेरीत कानडी, आणि भांडताना दोन्ही. गावचा देव भैरोबा. काळा दगड, माणसाएवढा. कुणाला काही ठरवता आलं नाही की त्यानं भैरोबापुढं जायचं. विहीर कुठं खणू, म्हैस विकू का, पोरगी ह्या घरी देऊ का. गुरव, म्हणजे आमचा पुजारी, कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवाला शाळा नव्हती, पण त्याचा निकाल सगळे मानायचे.

त्या देवळाला फुलं आमच्या मळ्यातून जायची. अप्पा गुरवांना मोतीबिंदू झालेला, म्हणून कळ्या बुडवून मीच त्यांच्या हातात द्यायचो. "ही उजवी, अप्पा. ही डावी." एवढंच माझं काम. देव आणि गाव यांच्यामध्ये माझी दोन बोटं.

कळलं ना, मी कुठं चाललोय ते? मलाही कळतंय, म्हणूनच हळू चाललोय.

हौसाला स्थळ आलं होतं वसंताचं. आमच्याच पाव्हण्यांतला. बेंगळूरला कारखान्यात कामाला, राहायला क्वार्टर, क्वार्टरात नळ. नळाचं गावात इतकं झालं की बायका 'नळवाला जावई' म्हणायला लागल्या. हौसाच्या आईला हवं होतं, बापाला लांब वाटत होतं. घरात दोघांचं बोलणं बंद झालं. शेवटी ठरलं, रविवारी कौल लावायचा. पोरगी बेंगळूरला देऊ का?

आणि मी? मला कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांच्या यादीत फुलं आणणारा होतो. पण हौसा फुलं घ्यायला आली की मी टोपलीतली चांगली फुलं खाली दडवून ठेवायचो आणि ती शोधत बसायची. तेवढा वेळ ती समोर थांबायची. एवढंच माझं प्रेम. त्यालाही लबाडीच लागली बघा.

त्या रविवारी मी गुऱ्हाळावरून काकवी आणली होती, पानाच्या द्रोणात. उजव्या कळीचं देठ त्यात बुडवलं. डावीला नुसतं पाणी. आणि अप्पांच्या हातात दिल्या. "ही उजवी, अप्पा. ही डावी."

झालं. सांगून टाकलं.

डावी पडली, लगेच. हौसाचा बाप रडला, आनंदानं. आईही रडली. पण उजवी काही पडेना! संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उगवला, कळी खांद्याला घट्ट. लोक बघायला येऊ लागले. "देवानं धरून ठिवलीया." एका म्हातारीनं त्या कळीला वेगळं हळदकुंकू वाहिलं. मग मुंग्या आल्या. भैरोबाच्या पायापासून खांद्यापर्यंत काळी रांग. गावानं मुंग्याही शुभ ठरवल्या. मी खांबामागं उभा राहून घाम पुसत होतो.

अप्पांनी शेवटी कळी उपटली. खांद्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग माझ्याकडं वळले — दिसत नव्हतं त्यांना, पण बरोबर माझ्याकडंच. "सोपान, देवाला धू नीट. मुंग्या चावल्या तर त्यानं कुणाकडं बघायचं?" पुढं त्यांनी माझ्या हातून कधी कळ्या घेतल्या नाहीत. बोलले मात्र कुणाला नाहीत. देवळाचं नाव जाईल म्हणून असेल.

आणि गंमत बघा. हौसाच्या बापाला आता देवभक्त पोरगा हवा होता. कोण बरं सदानकदा देवळात असतो? फुलं कोण नेतो? कौलाच्या दिवशी घामाघूम होऊन कोण उभा होता, डोळ्यात पाणी आणून? महिन्याच्या आत सुपारी फुटली.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अजून एक राहिलं, आणि खरं ते तेच आहे.

त्या रविवारी सकाळी हौसा मळ्यात आली होती. एकटी. म्हणाली, "सोपान, आज मरगळलेल्या कळ्या दिऊ नकोस. ताज्या दे. उजवी पडू दे म्हनून देवाला सांग. मला जायचंय रं तिकडं." मी म्हटलं, सांगतो. द्रोण तेव्हा माझ्या पाठीमागंच होता.

तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

संसार झाला. वाईट झाला का? नाही. पण हौसाच्या तोंडी बेंगळूर कायम राहिलं. विहिरीवर दोर तुटला — "बेंगळूरला नळ असतो." उन्हानं अंग भाजलं — "तिकडं उन्हाळ्यात गार असतंय म्हनं." मी पाय न धुता आत आलो — "देवानं डावी दिली, आता काय बोलायचं." पण देवावर तिचा विश्वास भलता. दर रविवारी भैरोबाला जायची. म्हणायची, त्यानं काहीतरी बघूनच मला इथं ठेवलं असंल. मी भाकरी खात ऐकायचो. भाकरी उतरायची, बरं का. मला कधी भूक लागली नाही असं झालं नाही.

मग पोराला, संजूला, बेंगळूरलाच महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरची नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, आणि म्हातारपणी आम्ही दोघं इथं आलो.

हौसाला तुम्ही तेव्हा बघायला हवं होतं! मी बाल्कनीत तोंड पाडून बसलेलो, कुंडीत कण्हेर नाही म्हणून. आणि ही बाई लिफ्टच्या आरशात पदर सारखा करायला उगीच खाली-वर फिरायची. भाजीवाल्याशी कानडीत असं भांडायची की तो तिला 'अक्का, अक्का' म्हणत वर कोथिंबीर द्यायचा. "स्वल्प कडिमे माडप्पा," जरा कमी कर बाबा, एवढं ऐकलं की तो आधीच हात जोडायचा. बायकांना इथं बस फुकट. मग काय! "तुमी घरी बसा, तुमचं तिकीट पडतंय," म्हणून ही एकटी इंदिरानगर, मेजेस्टिक, जिथं बस जाईल तिथं. काही काम नसायचं. खिडकीत बसायची आणि परत यायची. ती गेल्यावर पिशवीत त्या फुकटच्या तिकिटांचा गठ्ठा निघाला, रबर लावलेला.

एकदा बसमधून उतरून आली, पाय चोळत म्हणाली, "मी हितलीच हुते हो. उगा उशिरा आले." मी म्हटलं, "जेवायला काय हाय?"

आणि मग इंदिरानगरला आमच्या भागातल्या एकांकडं सत्यनारायण होता. तिथं एक म्हातारा सगळ्यांना प्रसादाचे द्रोण वाटत होता. पांढरा सदरा, चष्मा, हसरा. यजमान म्हणाले, हे वसंतराव. नळवाला!

खरं सांगू? मी इतकी वर्षं मनात धरून होतो की तो दारुडा निघाला असेल. बायकोला मारत असेल. निदान टक्कल तरी. केस माझ्यापेक्षा दाट होते हो त्याचे. आणि त्यानं बायकोला खुर्ची आणून दिली, चहा स्वतः आणून दिला, वर विचारलं, "गार न्हाई ना झाला?" मी उभ्या जन्मात हौसाला तसं विचारलं नव्हतं.

त्यानं आम्हाला ओळखलं आणि मोठ्यानं हसला. "पाव्हणं, तुमच्या भैरोबानं मला नापास केलं की ओ!"

त्याची बायकोही हसली. "माझ्यावर उपकारच झाले त्या देवाचे. मी दर जत्रेला नारळ पाठवते."

म्हणजे माझ्या काकवीला नारळ चढत होता. सगळे हसले. मीही हसलो, तेच मोठं हसू. हौसा हसली नाही. ती त्या बाईच्या हातातल्या चहाकडं बघत होती.

घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, सरळ देवघराकडं गेली आणि भैरोबाचा फोटो खिळ्यावर उलटा केला. तोंड भिंतीकडं.

"तुला कायबी कळत न्हाई," ती त्याला म्हणाली. "ताज्या कळ्या वाहिल्या हुत्या मी. बस आता तिकडं बघत."

मी मागं उभा होतो. तेव्हा बोलायला काय झालं होतं? त्याची चूक नाही गं, एवढं सांगायचं. पण मग तो राग वळून कुठं आला असता? देव भिंतीकडं तोंड करून राहू शकतो, त्याला जेवण लागत नाही. मला लागतं. मी देवाला पुढं केलं आणि त्याच्या मागं लपलो, तसाच, खांबामागं लपलो होतो तसा.

त्यानंतर तिनं रविवार सोडला. आजारी पडली तेव्हा गावाहून भावजयीनं भैरोबाचा अंगारा पाठवला. हौसानं तोंड फिरवलं. "त्याचं नगो." जन्मभर ज्याच्यावर भार टाकून चालली, त्याचा हात शेवटी तिनं झिडकारला. तिला आधाराला कोण राहिलं? मी राहिलो. बघा तिची दशा.

दवाखान्यात एका दुपारी आम्ही दोघंच होतो. मी खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, "हौसा, त्यात देवाची चूक नव्हती."

तिनं डोळे उघडले. "मग कुनाची?"

जीभ टाळ्याला चिकटली, जशी काकवी लावून. मी म्हटलं, "चहा आणू?"

ती बघत राहिली माझ्याकडं. मग म्हणाली, "आना. साखर मुठीनं घालाया सांगा, डाक्टराचं पथ्य मरू दे." मी आणला. दोन घोट प्याली. मी विचारलं, "गार न्हाई ना झाला?" ती म्हणाली, "आज काय सूर्य पच्छिमेला उगवला?" आणि हसली. त्याच आठवड्यात गेली.

फोटो अजून तसाच आहे. तो सरळ करायचा अधिकार मला नाही. ते भांडण तिचं आहे, आणि ज्याच्याशी आहे तो बिचारा इतकी वर्षं एक शब्द बोललेला नाही.

परवा सून झाडपूस करत होती. पुण्याची आहे, तिला काही ठाऊक नाही. म्हणाली, "बाबा, हा फोटो असा उलटा का लावलाय?"

"तुझ्या सासूचं आणि त्याचं भांडण झालं होतं."

ती हसली. "देवाशी भांडण? आईच त्या! मग चूक कुणाची होती?"

मी म्हटलं, "चहा टाक."

देवाची नव्हती. हौसाची नव्हती.