मांडवाखालची भाकरी

सोमवारची दुपार. जेवणं उरकलीत, म्हणजे घरच्यांची. सारिकाच्या पोटात सकाळपासून पाण्याच्या घोटापलीकडे काही नाही. मळ्यातल्या घरात, माजघराच्या फरशीवर ती नुसती सतरंजी टाकून आडवी झाली आहे, आणि डोक्यावरचा पंखा घुं घुं करत गरम हवाच खाली ढकलतोय. डोळे मिटले की पापणीआड तांबडं दिसतं, उघडले की भिंत एका अंगाला कलते. हे कलणं आताशा रोजचंच झालंय. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी, मग एकादशी. आता आठवड्यात खायचे दिवस हुडकावे लागतात.

कशासाठी, हे तासगावच्या बाजूला कुणाला सांगायला नको. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नाही. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायको दोघांनाही तपासलं. "नळ्या मोकळ्या आहेत, पिशवी चांगली आहे," त्या सारिकाला म्हणाल्या, "पण अंगात रक्त नाही, वजन उतरलंय. म्हणून बीज पिकून सुटतच नाही. पाळी उगाच चुकत नाही, बाई. आधी नीट खा, नीट झोप." सारिकानं मान डोलावली, गोळ्या आणल्या, आणि उपास तसेच चालू ठेवले. सासूनं विनवून बघितलं, नवऱ्यानं, धैर्यशीलनं, ताट आपटून बघितलं. ही जागची हलेल तर शपथ!

कारण तिच्यापाशी पुरावा होता. ती स्वतःच. तिच्या आईला, मालनला, लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं. मालननं कडक सोमवार केले आणि सारिका झाली. ही गोष्ट ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली आहे. एक जरी सोमवार मोडला, तर येणारं लेकरू अर्ध्या वाटेवरून माघारी फिरेल, अशी तिला धडकी भरली आहे. आई असती तर तिलाच विचारलं असतं. पण आईला जाऊन हा दुसरा उन्हाळा.

पंख्याची घुंघुं लांब जाते. फरशी पाठीला गार लागते, मग ओली लागते, मग ती फरशीच नसते, माती असते.

"अगं, पाय आखड. वेलाच्या काडीवर पडला तर मोडंल."

सारिका पाय आखडते. वर पंखा नाही, द्राक्षाचा मांडव आहे. पानांतून उन्हाचे कवडसे पडलेत. आणि समोर पालथ्या क्रेटवर आई बसली आहे. साडीवर बाबांचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, हातात घडातले मणी विरळायची बारकी कात्री. मजुरीला जाताना असायची तश्शी.

"आई, तू... तू तर गेलीस ना गं?"

"गेले की. म्हणून काय लेकीच्या बागंत यायचं न्हाई व्हय?" मालन हसते. हसताना पडलेल्या दाताची फट दिसते. सारिकाला भीती वाटत नाही. उलट छाती अशी भरून येते की तिला वाटतं, आता हिला घट्ट धरावं आणि सोडूच नये. पण हात जड आहेत, उचलत नाहीत.

मालन तिला उठवते, बोटाला धरून ओळीतून चालवते. "बाग तुझीच न्हवं? खरड छाटणी झाली. आता उन्हाळ्यात ह्याला काय देता?"

"पाणी देतोय. टँकर घालतोय. शेणखत दिलं," सारिका घडाघडा सांगते. हे तिला झोपेतही येतं, आणि आता ती झोपेतच आहे. "आत्ताच तर काडीच्या डोळ्यात, कोंब फुटायच्या जागी, घड धरतो, आई. आत्ता वेल उपाशी राहिला, तर पुढच्या छाटणीला घड जिरतो. फुटीवर नुसती दोऱ्यासारखी बाळी निघते. मग कितीबी औषधं मार, काय उपेग?"

"शाणी गं माझी बाय," मालन म्हणते. "वेलाचं एवढं कळतंय. आन् वेलवालीचं?"

सारिकाचे कान गरम होतात.

मालन एक काडी वाकवते आणि अंगठ्याच्या नखानं डोळ्यावरचं कवच अलगद बाजूला करते. "बघ."

आधी नुसती लव दिसते, पांढरी, कापसागत. मग सारिका आणखी जवळ जाते. आत घड आहे. अख्खा घड! अजून आलाच नाही, तरी आहे. एकेक मणी मोहरीहून बारीक, आणि प्रत्येकात उजेड. ती पापणी लववत नाही. एवढ्याशा डोळ्यात एवढं सगळं कुणी भरलं असेल, हेच तिला उमगत नाही.

पोटावर गार काहीतरी सांडतं. ती सोनोग्राफीच्या खोलीत निजली आहे, अंगावर हिरवी चादर. वर मांडव तसाच आहे आणि पानं खोलीत हलतायत. यंत्राशी डॉक्टरीणबाई नाहीत, मालन आहे. तिचा खरबरीत हात सारिकाच्या ओटीपोटावरून फिरतोय.

"तुला हे यंत्र कुठलं येतंय गं?"

"मेल्यावर लई शिकवत्यात," मालन म्हणते. "गप पड, आन् तिकडं बघ."

पडद्यावर काळं-करडं हलतं. मग तेच घड. दोन, उजवीकडे एक, डावीकडे एक. उजेड भरलेले मणी.

"हे माझं?"

"तुझंच. जन्माला येतानाच गाठीला बांधून आलीस. नवीन एक मणी मिळायचा न्हाई, आन् आहेत त्यातलं हळूहळू सरतंय. महिन्याला त्यातला एक पिकून सुटायचा."

"मग सुटत का नाही?" सारिकाचा आवाज फुटतो. इतक्या महिन्यांचा राग त्या एका प्रश्नात येतो. "मी एवढं करते, आई! अन्न सोडलं. हे अंगच वैरी आहे माझं. दगड आहे, दगड!"

मालनचा हात थांबतो. "वैरी?" ती म्हणते, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कडक होतो. "अगं येडे, तुझं अंग राखणीला बसलंय! तू त्याला खायला देत न्हाईस, त्याला वाटतंय गावात दुष्काळ पडला. दुष्काळात कुणी पेरतं व्हय? बी जपून ठेवत्यात. ते तुला म्हणतंय, थांब बाई, आदी तू जग. दोन जिवांचं बळ तुझ्या अंगी न्हाई, तर एकाला तरी वाचवतो. आन् तू त्याला वैरी म्हणतीस."

सारिका स्वतःच्या पोटाकडे बघते. खपाटीला गेलेलं, बरगडीखाली खड्डा पडलेलं पोट. आपण ज्याला इतके दिवस शिव्या घातल्या ते आपल्याचसाठी दाराशी काठी घेऊन बसलं होतं, हे तिला आता दिसतं, आणि तिला रडू येतं. ती पोटावर हात ठेवते. पोट हात ठेवल्यासरशी उघडतं, विहिरीसारखं, आणि दोघी मायलेकी पायऱ्या उतरू लागतात.

आत तांबूस अंधार आहे. कोमट. कुठेतरी मोठ्यानं धप्प धप्प वाजतंय, विहिरीवरची मोटर चालावी तसं.

"हे कुठं आलो आपण?"

"माझ्या आईच्या पोटात," मालन हळू बोलते, देवळात बोलावं तशी. "हे तिचं काळीज वाजतंय."

समोर पाण्यात एक चिमुकली पोर तरंगतेय. डोळे मिटलेले, मुठी वळलेल्या, अजून वीतभरही नाही. सारिका ओळखते. कशी ओळखते ते सांगता येणार नाही, पण ओळखते. ती मालन आहे. अजून न जन्मलेली तिची आई. आणि त्या पोरीच्या इवल्या ओटीपोटात, कातडीतून दिसावेत असे, दोन घड.

"बघ, बारकाईनं बघ," शेजारची मालन म्हणते. "डावीकडचा. कडंचा मणी."

सारिका बघते. एक मणी. बाकीच्यांसारखाच.

"ती तू."

सारिका पायरीवर बसते.

"मी आईच्या पोटात, आन् तू माझ्या. माझ्या आईनं शिळंपाकं खाऊन, धुणी धुऊन, ऊस तोडून आपल्या दोघींना एका पोटात वागवलं, आन् तिला पत्ता न्हाई. मी जन्माला आले, रांगले, शाळा सोडली, लगीन केलं, तवर तू माझ्यात बसून होतीस. वाट बघत."

कितीतरी वेळ दोघी तिथंच बसतात. ते काळीज वाजत राहतं. सारिकाच्या मनात कसलाही प्रश्न उरत नाही. नुसतं नवल, अंगावर शहारा आणणारं नवल, की आपण एवढ्या जुन्या आहोत. आणि आपल्याला आधीपासूनच कुणीतरी जपत आलं आहे.

मग तिला आठवतं. "पण आई, तुझे सोमवार? त्यांनीच मला आणलं ना?"

आता दोघी मांडवाखाली आहेत, पण ही बाग सारिकाची नाही. जुनी आहे, दगडी खांबांची. ओळीत बायकांची टोळी जेवायला बसली आहे. तोंडं दिसत नाहीत, हसणं ऐकू येतं. मालन टॉवेल सोडून डोकं खाजवते, चोरी पकडलेल्या पोरीसारखी.

"त्याच्यापायीच आले बघ. जीव ऱ्हाईना. ह्याच बागंत, सोमवारच्या उपाशी पोटी, मी चक्कर येऊन पडले. ह्या बायकांनी उचललं. म्हणाल्या, महादेवाला तुझी आतडी वाळवून हवीत व्हय गं? आन् तोंडात भाकरी कोंबली. पहिल्यांदा रडत खाल्ली. दुसऱ्या सोमवारी मागून खाल्ली!" ती खुदकन हसते. "मग रोजच. घरला आले की तोंड धुवायचं, आन् उपास हाय म्हणायचं. हळूहळू अंगात ताकद आली. पाळी रांगंला लागली. आन् मग तू ऱ्हायलीस."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"कसं बोलू? माझ्या सासूनं गावभर पेढं वाटलं, सोमवार पावला म्हणून. त्या पेढ्यात मी कुठं भाकरी घालू?" मालनचं हसू विरतं. ती सारिकाची हनुवटी धरते. "मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय. आन् माझं खोटं लेकीच्या ताटात आलं. ताटच रिकामं केलं."

सारिकाला तिचा राग यायला हवा, पण येत नाही. तिला फक्त आईचा तो खरबरीत हात कळतो.

"म्हणजे खाल्लं की मला होईल?"

"तसं मी म्हणणार न्हाई. वेल पोसला तरी घड किती यील ते कुणाच्या हातात नसतंय. डॉक्टरीणबाईचं औषध सोडू नगंस. पर उपाशी वेलाला येत न्हाई, एवढं तुला ठावं हाय." मालन मांडीवरचं भाकरीचं फडकं सोडते. आत ज्वारीची भाकरी आणि हिरवागार ठेचा, लसूण भरपूर. "महादेवाला बेल वाहा, फूल वाहा. पोट कशाला वाहतीस? आ कर."

"आई, आज सोमवार..."

"आ कर म्हणते ना!"

सारिका आ करते. मालन घास तिच्या तोंडात घालते, मोठा, लहानपणी घालायची तसा. ठेचा जिभेला झोंबतो, नाकात जातो, डोळ्यांना पाणी येतं. "स्स्स, आई गं, किती तिखट!" असं ती ओरडते, आणि टोळीतल्या सगळ्या बायका खो खो हसतात, आईही हसते, आणि हसता हसता पानांमधला उजेड वाढत जातो, इतका वाढतो की आईचं तोंड दिसेनासं होतं.

पंखा. घुं घुं. फरशी. उन्हाची तिरीप दारातून आत आली आहे.

सारिका उठून बसते. भिंत कलते, मग सरळ होते. ती कुठलाच विचार करत नाही. थांबून विचार केला तर धीर सुटेल, हे तिला ठाऊक आहे.

"आत्या!" ती स्वयंपाकघराकडे हाक मारते. "भाकरी हाय का शिल्लक?"

आतला भांड्यांचा आवाज थांबतो. सासू दारात येते, हाताला राख तशीच. "आज सोमवार..." असं तिच्या तोंडातून निघतं आणि ती लगेच स्वतःची जीभ चावते. सून पुन्हा मन बदलेल या भीतीनं ती अक्षरशः पळते. हात धुऊन ताटली घेऊन येते. भाकरी, वर दुधाची वाटी, गुळाचा खडा.

"खा माझ्या बाई. सावकाश खा. दुधात कुस्कर."

"आधी पाणी द्या, आत्या. तोंड भाजलंय."

"उपाशी माणसाचं तोंड कशानं भाजलं?" सासू तांब्या पुढे करते आणि तशीच थबकते. सारिकाचे ओठ लालबुंद झालेत, किंचित सुजलेत. सासू वाकते, सुनेच्या तोंडाजवळ नाक नेते. "अगं, हा लसणाचा वास कुठला? आज सकाळपासून घरात कुणी लसणाला शिवलं न्हाई."

सारिका तांब्याभर पाणी घटाघटा पिते, तरी जिभेची आग जात नाही. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत असतानाच ती भाकरीचा तुकडा मोडते, दुधात बुडवते आणि खाऊ लागते.