शिवणाऱ्यांची खुर्ची

मंगळवारी सकाळी लाइन नंबर तीनवर गेलो, तर दहाच्या दहा नव्या खुर्च्या भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या. बायका पुन्हा आपल्या लोखंडी स्टुलांवर बसून शिवत होत्या, खाली चिंध्यांच्या गाद्या घेऊन. खुर्च्या मीच निवडल्या होत्या.

मॅनेजर तिवारीसाहेब माझ्या मागेच उभे होते.

"पाहा इंजिनिअरसाहेब. ऑफिसातली खुर्ची दिली तरी या बायकांले नाही पाहिजे. परत पाठवून द्या. विषय खतम."

"सोमवारपर्यंत थांबा," मी म्हणालो.

"सोमवारी टेम्पो बोलावतो."

हिंगण्याला शाळांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात मी इंडस्ट्रियल इंजिनिअर होतो. म्हणजे हातात स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते मोजायचं. दुपारी तीननंतर आमची लाइन मंदावायची. साहेबांच्या मते हा आळस होता. माझ्या मते दुखणं पाठीत होतं.

सगळ्यात जास्त दुखणं शोभाताईंचं. त्या कॉलर लावायच्या. शर्टातलं हे अवघड काम. गळ्याची गोलाई आणि कॉलरची पट्टी एकमेकांना जुळवत न्यावी लागते. शोभाताई शिवत असताना कापड आपणहून सुईखाली चाललंय असं वाटायचं. मी कितीदा तरी घड्याळ चालू करून ते बंद करायचं विसरलो आहे. पण अलीकडे त्यांना उठताना मशिनला धरून उठावं लागत होतं.

त्यांच्यासाठीच मी खुर्च्यांचा विषय काढला होता. सप्लायरनं तीन सॅम्पल आणली. मी केबिनमध्ये एकेकीवर बसून पाहिलं. तिसरी अशी मऊ होती की माझा डोळा लागला. स्वप्नात मोठं हिरवट पाणी दिसलं आणि त्याच्या मधोमध मी हलकेच तरंगत होतो. जागा झालो आणि फॉर्मवर सही केली.

आता शोभाताईंच्या मशिनशी जाऊन उभा राहिलो.

"काय झालं ताई? खुर्ची चांगली नाही?"

"बसाले मस्त हाये साहेब. शिवाले नाही." त्यांनी दोरा तोडला. "पॅडल दाबलं का खुर्चीच मागं पळते. खुर्चीच्या हाताले कोपर अडकते. आन् पाठ टेकून शिवते कोण? मी तर मशिनवर वाकून राहिली ना."

मी भिंतीशी उभ्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"तसंही येत्या शनिवारपासून नाही येत मी. पाठ कामातून गेली माही."

हे त्यांनी 'आज ऊन फार आहे' म्हणावं तसं सांगितलं, आणि पुढची कॉलर घेतली.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास मी स्टॉपवॉच खिशात टाकलं. एक नवी खुर्ची रिकाम्या मशिनकडे ओढली आणि रद्दी कापडावर सरळ शिलाई मारत बसलो. छताच्या काचेतून पांढरा उजेड उतरत होता. त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. खाली येताहेत की वर जाताहेत, कळत नव्हतं. चाळीस मशिनांचा आवाज हळूहळू एकच झाला, लांबून येणाऱ्या पावसासारखा. निळं कापड हातांखालून वाहत राहिलं. मध्येच वाटलं, मी शिवत नाहीये, कुणीतरी मला शिवतंय.

भानावर आलो ते कंबरेच्या कळेनं. तीन वाजून गेले होते. चार तासांत पाठ एकदाही टेकली नव्हती. खुर्ची वीतभर मागे सरकली होती आणि मी तिच्या अगदी पुढच्या कडेला लोंबत होतो.

शोभाताई बघत होत्या. "समजलं?"

"दुखतंय ते समजलं. कसं बसायचं ते नाही समजलं."

त्या हसल्या. "माहे बाबा मागावर बारा-बारा तास बसत. कधी कंबर नाही दुखली त्यायची. या एखाद्या दिवशी उमरेडले, त्यायचा माग पाहाले."

रविवारी मी उमरेडला गेलो. शोभाताई माहेरी आलेल्या होत्याच. बाबांचं विणणं थांबून बरीच वर्षं झाली होती, पण मागच्या खोलीत त्यांचा माग तसाच होता. जमिनीतला माग तो. विणकर काठावर बसतो आणि पाय खालच्या खड्ड्यात सोडतो. कौलांच्या फटीतून उन्हाच्या रेघा ताण्याच्या सुतासारख्या उतरल्या होत्या.

"बसा नं साहेब. भेऊ नका," बाबा म्हणाले.

बसलो. पाय खाली सुटले, आणि कंबर आपोआप उभी राहिली. मी नुसता बसून राहिलो. आडवा दोरा नेणारा धोटा इकडून तिकडे जातोय असा भास होत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

"ही फळी पुढे कललेली आहे का?" मी विचारलं.

"मंग? मागून पाचर घातली हाये, दोन बोटं. सपाट फळीवर पोट दबते, दम कोंडते. मागून उचलली का माणूस सरळ होते."

इतकी वर्षं मी हातांचे सेकंद मोजत होतो. हात ज्या अंगाला जोडलेले असतात ते कसं बसलंय, हे कधी पाहिलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला फिटरला घेऊन एका खुर्चीची चाकं काढली आणि खाली रबरी बूड लावलं. तिचे हात काढले. सीटखाली मागच्या बाजूनं लाकडी पाचर ठोकली. पाठ इतकी खाली घेतली की फक्त कंबरेला लागेल. उंची वाढवली, कोपर टेबलाच्या किंचित वर येईल इतकी.

तिवारीसाहेब आले. "चांगल्या खुर्चीची वाट लावली यार तुम्ही."

शोभाताई शनिवारी आल्या नव्हत्या. सोमवारी आल्या, त्या फक्त उमरेडला मी 'एकदा बसून बघा' म्हणालो होतो म्हणून. काही न बोलता बसल्या. एक कॉलर लागली. दुसरी लागली. टेम्पो गेटवर येऊन उभा राहिला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासानं शोभाताईंनी मान वर केली.

"राहू द्या ही."

टेम्पो रिकामा परत गेला. उरलेल्या नऊ खुर्च्यांची त्याच आठवड्यात तशीच 'वाट' लावली. दुखणं पूर्ण गेलं नाही. खुर्ची म्हणजे औषध नव्हे. तासातासानं दोन मिनिटं उठायचा नियमही करून घ्यावा लागला, आणि त्यासाठी साहेबांशी खुर्चीपेक्षा जास्त भांडावं लागलं. पण तीननंतर लाइन पूर्वीइतकी मंदावेना. मी रिटायर झालो त्या दिवशी शोभाताई कॉलरच लावत होत्या.

शिवणकामासाठी खुर्ची घेणार असाल, तर दुकानात पाच मिनिटं टेकून ठरवू नका. तिच्यावर चार तास शिवा. तेवढा वेळ नसेल, तर रोज शिवणाऱ्या बाईला विचारा. मी तेही केलं, पण ऑर्डर दिल्यानंतर.