साडूंचा ड्रॅगन मी उचलला

पत्त्यांतलं आमच्या घरात सगळ्यांत जास्त कुणाला कळतं, हे ठरवायची वेळ आली तेव्हा मी एकमताने निवडून आलो. (मत मी एकट्यानंच दिलं होतं, पण एकमत ते एकमत!) कोप्पीकर रोडला आमचं साड्यांचं दुकान आहे आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिथल्या गादीवर मेंढीकोट रंगतो. हुकूम कुणाच्या हातात दडलाय, हे मी समोरच्याच्या मिशीवरून ओळखतो.

त्यामुळे माझी लेक मुक्ता जेव्हा म्हणाली, "अप्पा, केशवापूरला आमच्या कार्डांची स्पर्धा आहे, एक मोठं माणूस आणि एक मूल अशी जोडी लागतीय," तेव्हा मी लगेच हो म्हणून मोकळा झालो. या ड्रॅगन-राक्षसांच्या कार्डांत पोरीचा जीव अडकलेला. जिंकणारी जोडी बेंगळूरच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होती. आमच्या सौभाग्यवती सुनंदाबाईंनी निकाल आधीच देऊन टाकला : "जिंकलात तर बेंगळूर. हरलात तर ती कार्डं परीक्षा होईपर्यंत माळ्यावर!"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी तिच्या पाठीवर थाप मारली. "घाबरतीस कशाला? शेवटी पत्तेच की ते!"

शिकवणी त्याच दुपारी सुरू झाली.

"यात हुकूम कुठला?"

"हुकूम नसतोय हो, अप्पा. हा तुमचा सैनिक. हल्ला करायचा असला की त्याला आडवा करायचा."

"मेला?"

"नाही, दमला! आता तुमची पाळी परत येईपर्यंत तो कुणाला अडवू शकत नाही. समोरच्यानं हल्ला केला की तुमचा जो उभा असेल तो मध्ये घालायचा. दोघं मिळूनही एकाला अडवता येतंय. नाही अडवलात तर घाव थेट तुमच्या जिवावर."

"कळलं!"

"अजून राहिलंय हो. मेलेलं कार्ड असतंय ना, ते—"

"अगं, कळलं म्हटलं की!"

स्पर्धेत सुरुवातीच्या फेऱ्या मुक्ताच खेळली. मी शेजारी बसून जाणकारासारखी मान डोलावली. अंतिम सामन्यात मात्र पहिला डाव मोठ्यांचा, दुसरा मुलांचा आणि तिसरा जोडीचा होता. आणि समोर बसलंय कोण? आमचे साडू! धारवाडचे वसंतअण्णा आणि त्यांचा निखिल. आम्हा साडूंमध्ये पंगतीत जिलब्या कोण जास्त खातो, यावरही सामना होतो. इथं तर व्यासपीठ होतं, माईक होता आणि दोघांच्या बायका एकाच बाकावर बसलेल्या!

अण्णांनी एक फाटका राक्षस आडवा करून पहिला हल्ला केला. पंच म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं विचारलं, "अंकल, अडवणार?"

आता दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमची भवानी. तिला दारातून परत लावायचं नाही, ही आमच्या दुकानाची आजोबांपासूनची रीत. मी नमस्कार केला आणि म्हणालो, "छे छे! येऊ दे की आत!"

राक्षस आत आला आणि माझ्या जिवाचा मोठा लचका तोडून गेला. मुक्तानं कपाळावर हात मारून घेतला.

मग अण्णांनी ड्रॅगन काढून हल्ला केला. मी माझे दोन्ही उभे सैनिक मध्ये घातले. एक सैनिक गेला, पण ड्रॅगनही कोसळला! हॉलमध्ये टाळ्या! माझ्या अंगात मेंढीकोट संचारला. "हात आमचा!" असं ओरडून मी तिन्ही कार्डं ओढली, माझ्या गठ्ठ्यात घातली आणि सवयीनं सगळा गठ्ठा फर्रकन पिसून टाकला.

"अहो, माझा ड्रॅगन!" अण्णा ताडकन उठले.

"मेलेला ड्रॅगन कशाला पाहिजे तुम्हाला?"

"द्या म्हणतो ना! निखिलच्या वाढदिवसाचा आहे तो!"

"जिंकलेला हात परत देत नसतात, अण्णा!"

पंच धावत आली. "अंकल, हंग माडबारदु री!" म्हणजे असं करायचं नसतं.

"याक री? का म्हणून?" म्हणत मी तिला अस्खलित कन्नडात मेंढीकोटाचे नियम समजावले. बघ्यांपैकी दोन आजोबांना माझं म्हणणं तंतोतंत पटलं. पंचाला पटलं नाही. तिनं डाव अण्णांना देऊन टाकला. सुनंदा नाइलाजानं उठली आणि पंचाशेजारी बसून माझ्या गठ्ठ्यातून ड्रॅगन शोधू लागली. शोधता शोधता तिच्या चौकशा चाललेल्या, "हे आडवं कशाला करतात हो? आणि मेल्यावर कुठं ठेवायचं?"

मुक्ता माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "अप्पा, गेलं की हो बेंगळूर." तिचे डोळे भरले होते. त्या क्षणी मात्र दुकान, रीत, मेंढीकोट, सगळं त्या पोरीपुढं कवडीमोल वाटलं.

पण पोरगी खमकी! दुसरा डाव तिनं निखिलकडून ओढून घेतला. तिसऱ्या डावाला मी बाह्या सरसावून पुढं सरकलो.

"अप्पा, हातावर बसा."

"म्हणजे कसं?"

"हात खाली ठेवा आणि वर बसा!"

बसलो. संपूर्ण डाव मी तळहातांवर बसून काढला. मुंग्या खांद्यापर्यंत चढल्या, पण आम्ही जिंकलो! टाळ्यांना उत्तर म्हणून मला हातसुद्धा हलवता येईना.

घरी येऊन मी बेंगळूरसाठी बॅग काढली, तर मुक्ता म्हणाली, "मोठं माणूस बदललं तरी चालतंय म्हणे. माझ्याबरोबर आई येतीय."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

"मेलेलं कार्ड ज्याचं त्याच्या ढिगात जातंय," सुनंदा साडीची घडी घालत म्हणाली, "एवढं कळतंय."

दोघी गेल्या. मी दुकान सांभाळत राहिलो. संध्याकाळी फोन आला, "अहो, पहिला सामना जिंकलो आम्ही!"

"एवढ्यात? कसा काय?"

"सोपा गेला हो. समोरचे गृहस्थ अगदी तुमच्यासारखे निघाले!"

माझ्या तोडीची माणसं बेंगळुरातही आहेत, हे ऐकून मला फार बरं वाटलं.