मलायातल्या शेवया
वसतिगृहात लसणाच्या फोडणीचा वास आला की मला लढाई संपल्यावर मलायातून आष्ट्याला परतलेले काका आठवतात. त्यांना घरचं जेवण जातच नव्हतं. तिथल्या गाड्यावरच्या परतलेल्या तिखट शेवया हव्या होत्या. "चांगला गाडा कसा ओळखायचा?" मी विचारलं. "रिक्षा ओढणारे जिथं उभं ऱ्हाऊन खात्यात, तो लय चांगला." शेवटी काकूने घरच्या शेवया लसूण-मिरचीत परतल्या, पण शेवया गोडाशिवाय कशा वाढायच्या, म्हणून गुपचूप गूळ टाकला. काकांनी घास घेतला. "आगं, ह्याच त्या! तिथंबी जराशा गोडच लागायच्या." काकांचं आणि माझंही ताट रिकामं झालेलं बघून काकू डोळे पुसत म्हणाली, "मग आदी सांगायचं न्हाई व्हय?" मलाया मी अजून नकाशातच पाहिला आहे. त्याची चव मात्र, बहुधा, मला ठाऊक आहे.