मालकांच्या मुलाचं केळवण

इंदिरानगरमधल्या त्या दोन खोल्या आठवायच्या म्हटलं की आधी दुपार आठवते. खिडकीला जुन्या साडीचा पडदा होता, त्यातून ऊन पिवळं होऊन आत यायचं. आई मशीनवर लोकांच्या साड्यांना पिको करत बसायची आणि त्या घरघरीत मला झोप लागायची. आई येवल्याची. साडी हातात आली की तिचा आवाजही मऊ व्हायचा. अर्धवट झोपेत मला वाटायचं, हे घर आमचंच आहे, कायमचं.

जाग आणायला घरमालक यायचे. दिंडोरीचे द्राक्षबागाईतदार. त्यांना वाईट म्हणायला जीभ रेटत नाही, कारण हंगामात पेटीभर द्राक्षं आणून द्यायचे आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. पण भाडं वाढवायचं मनात आलं की सरळ तसं म्हणायचे नाहीत. चहाची बशी खाली ठेवत म्हणायचे, "वहिनी, पोराचं लगीन ठरतंय. खोल्या लागतील आता. तुम्ही बघा दुसरीकडं."

मग बाबांचा चेहरा उतरायचा. आईची गिऱ्हाइकं त्याच चार गल्ल्यांत, माझी शाळा कोपऱ्यावर, आणि दुसरीकडे मागतील तेवढं डिपॉझिट आमच्याकडे सात जन्मांत जमलं नसतं. चार दिवस कुढून बाबा स्वतःच दिंडोरीला जायचे, भाडं वाढवून देतो म्हणायचे, आणि ते लग्न पुढे जायचं. असं दोनदा झालं. इतक्या वेळा लग्न ठरून लांबलेला मुलगा साऱ्या पंचक्रोशीत नसेल, पण आमच्या घरात कुणाला शंका आली नाही. लग्नाच्या बाबतीत कुणी खोटं बोलतं, हे आईच्या कल्पनेतच नव्हतं.

तिसऱ्यांदा लग्न ठरलं तेव्हा मी सातवीत होते. मालक दिवाळीची मुदत घालून गेले. बाबा म्हणाले, "आता वाढवून द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही. निघू या."

आई म्हणाली, "निघायचंच तर त्या मुलाचं केळवण करून निघू. इतकी वर्षं त्यांच्या छपराखाली राहिलो."

मी चिडले. आपल्याला बाहेर काढणाऱ्यांच्या मुलाला पुरणपोळी? पण लग्न ठरलेल्या मुलाला घरी जेवायला बोलवायची रीत आई कुणासाठी मोडणारी नव्हती. मुलगा अंबडला कारखान्यात कामाला होता, रोज आमच्या गल्लीवरून मोटारसायकलने जायचा. आईने त्याला थांबवून रविवारचं आमंत्रण दिलं. तोही बिचारा हो म्हणाला.

तो रविवार मला अजून स्वप्नासारखा दिसतो. पाटाभोवती रांगोळी, घरभर वेलदोड्याचा वास, निरांजनाच्या उजेडात त्याचा गोंधळलेला, गोरामोरा चेहरा. आईने त्याला ओवाळलं, हातात टॉवेल-टोपी ठेवली आणि हसून विचारलं, "मग, नवरी कुठल्या गावची?"

"कुणाची नवरी, काकू?"

"अरे, तुझी!"

"मला तर अजून एक मुलगीसुद्धा दाखवली नाही कुणी."

आईचं तबक हवेतच राहिलं. बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हळूहळू त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो कानांपर्यंत लाल झाला. आई मात्र म्हणाली, "बस बाबा, पोळी गार होते." तो खाली मान घालून दोन पोळ्या जेवला. त्या दिवशी मला त्याची फार कीव आली.

आईच्या गिऱ्हाइकांत एक वकीलबाई होत्या. साडी न्यायला आल्या तेव्हा आईने त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मालकाला खरंच गरज असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. नुसतं तोंडाने सांगून कुणी तुम्हाला काढू शकत नाही. भाडं घेत नसतील तर मनिऑर्डर करा आणि किल्ली कुणाच्या हातात देऊ नका." इतकी साधी गोष्ट, आणि ती आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मालक आले. दारातूनच म्हणाले, "पोराला जेवू घालून माझी अब्रू काढता व्हय? खोल्या कधी खाली करताय?"

एरवी ते आले की बाबा उठून उभे राहायचे. त्या दिवशी बसूनच राहिले. "मालक, कायद्यात बसेल तेवढी वाढ मी देईन. घर मात्र सोडणार नाही. कोर्टाने सांगितलं तर त्याच दिवशी निघतो."

"लय शिकलात," मालक म्हणाले. आणि चहा न घेताच गेले.

बाबा दार लावायला उठले. पण त्यांच्या हातून कडी काही केल्या बसेना. मी पुढे झाले आणि आमच्या घराची कडी आतून लावली.